क्यू गार्डन्सला पहिल्यांदा जाताना: आधी महिना बघा, मग तिकीट काढा

लंडनला आलेल्या मराठी माणसाच्या यादीत क्यू गार्डन्सचा नंबर बराच खाली असतो. टॉवर ब्रिज, लॉर्ड्स, ब्रिटिश म्युझियम, किंग हेन्रीज रोडवरचं बाबासाहेबांचं घर, हे सगळं उरकल्यावर एखादा दिवस शिल्लक राहिला आणि नशिबाने ऊन पडलं, तर "चला, त्या बागेत जाऊन येऊ". मग दुपारी दीडला पोहोचायचं, हातात नकाशा असूनही दिसेल त्या वाटेने चालत सुटायचं, संध्याकाळी पोटऱ्या दाबत ट्यूबमध्ये बसायचं आणि घरी आल्यावर "झाडंच झाडं होती" एवढंच सांगायचं. तिकीट काही स्वस्त नसतं, त्यामुळे हळहळ जास्त.

यात बागेचा दोष नाही. ही १३२ हेक्टर, म्हणजे जवळजवळ सव्वातीनशे एकर जागा आहे. १७५९पासून इथे जगभरातून झाडं आणून लावली जात आहेत. "सगळं बघू" म्हणून आत शिरणाऱ्याचं इथे काहीच बघून होत नाही. पाहुण्यांना घेऊन वेगवेगळ्या ऋतूंत जाऊन माझा एक नियम ठरून गेला आहे: बाहेर फुललेलं एक काहीतरी, काचघरांपैकी एक आणि एक म्हातारं झाड. एवढं निवांत बघायचं. वाटेत बाकी जे दिसेल तो नफा.

पहिलं काम: तिकीट, फाटक आणि वेळ

तिकीट घरबसल्या ऑनलाइन काढा, फाटकावर जास्त पैसे पडतात. थंडीतले दर उन्हाळ्यापेक्षा कमी असतात. विद्यार्थ्यांना आणि तिशीच्या आतल्यांना सवलत असते, फक्त ओळखपत्र जवळ ठेवा. बाग सकाळी दहाला उघडते. बंद होण्याची वेळ ऋतूप्रमाणे बदलते आणि काचघरं बागेच्या आधी बंद होतात. ही गोष्ट नवख्या माणसाला हमखास माहीत नसते आणि मग तो संध्याकाळी पाम हाउसच्या बंद दारापुढे उभा राहतो. २४ आणि २५ डिसेंबरला बाग बंद असते.

डिस्ट्रिक्ट लाइनची रिचमंडकडे जाणारी गाडी पकडा आणि क्यू गार्डन्स स्टेशनला उतरा. तिथून लिचफिल्ड रोडने सरळ चालत गेलं की पाचेक मिनिटांत व्हिक्टोरिया गेट. बहुतेक सगळे इथूनच आत जातात आणि पहिल्या खेपेला तेच बरं, कारण पाम हाउस समोरच आहे. पण ब्लूबेल्स या निळ्या रानफुलांसाठी किंवा पॅगोडाच्या, म्हणजे चिनी धाटणीच्या उंच मनोऱ्याच्या बाजूला जायचं असेल, तर ६५ नंबरची बस धरून दक्षिणेकडच्या लायन गेटला उतरा. अर्ध्या तासाची पायपीट वाचते. उत्तरेला क्यू ग्रीनवर एलिझाबेथ गेट आहे. गाडी घेऊन येणाऱ्यांसाठी नदीकडचं ब्रेंटफर्ड गेट सोयीचं.

आणखी एक सूचना. पाम हाउस आणि शेजारच्या वॉटरलिली हाउसची मोठी डागडुजी ठरलेली आहे. तुम्ही जाल तेव्हा ती उघडी आहेत का, हे निघण्यापूर्वी क्यूच्या संकेतस्थळावर नक्की बघा.

जानेवारी ते मार्च: थंडी सोसेल त्याला

जानेवारीत क्यूला जा म्हटलं की लोक वेड्यात काढतात. पण गर्दी नसलेली क्यू बघायची तर याच दिवसांत. आइस हाउसभोवती, म्हणजे पूर्वी बर्फ साठवायच्या जागेभोवती, हिवाळ्यात फुलणारी झुडपं मुद्दाम लावलेली आहेत. त्यात विच हेझल शोधा. निष्पर्ण काड्यांवर पिवळ्या-केशरी रंगाच्या, कागदाच्या कात्रणासारख्या पाकळ्या असतात. कडाक्याची थंडी पडली की त्या गुंडाळून घेतात आणि ऊब आली की पुन्हा उलगडतात. नाक अगदी जवळ नेलं तर मंद, थोडा मसालेदार वास येतो. जमिनीलगत स्नोड्रॉप्सची पांढरी फुलं मान खाली घालून उभी असतात. त्यांचा आतला हिरवा ठिपका बघायचा तर गुडघे टेकावे लागतात, तेव्हा जुनी पँट घालून जा.

फेब्रुवारीच्या उत्तरार्धात क्रोकस येतात. व्हिक्टोरिया गेटपासून फार लांब नाही, हिरवळीत जांभळा-पांढरा सडा पडलेला असतो. क्रोकस फक्त उन्हात उघडतात. ढगाळ दिवशी गेलात तर मिटलेल्या कळ्याच दिसतील. म्हणून हवामानाचा अंदाज बघून, स्वच्छ उन्हाच्या दिवशी, अकरा ते दोनच्या मध्ये जा. माझ्या मते क्यूमधला हा सगळ्यात कमी कौतुक झालेला बहर आहे. चेरीच्या नावाने धावणारी मंडळी याच्यासाठी घराबाहेर पडत नाहीत, हे एका परीने बरंच आहे.

याच सुमारास प्रिन्सेस ऑफ वेल्स काचघरात ऑर्किड महोत्सव भरतो. दर वर्षी एखाद्या देशाभोवती मांडणी असते, २०१७ साली भारताची पाळी होती. ऑर्किड्स सुंदर असतात, पण शनिवार-रविवारी आत इतकी दाटी होते की फुलापेक्षा पुढच्याची पाठच जास्त दिसते. मधल्या वारी सकाळची पहिली वेळ मिळाली तरच जा.

मार्चच्या शेवटी मॅग्नोलिया. पानं यायच्या आधी उघड्या फांद्यांवर मोठमोठी गुलाबी-पांढरी फुलं. आपला सोनचाफा याच घराण्यातला, आता त्याचं शास्त्रीय नावही मॅग्नोलिया चंपाका असंच लिहितात. हे सांगितलं की आईच्या वयाच्या पाहुण्या लगेच फूल हुंगायला जातात. सोनचाफ्याची सर मात्र त्याला नाही, हे आधीच सांगून ठेवा. मॅग्नोलियाचा भरवसा कमी. रात्री एकदा दव गोठलं की सकाळी सगळी फुलं तपकिरी पडलेली असतात.

एप्रिल आणि मे: जायचंच तर आत्ता

वर्षातून एकदाच जाणार असाल तर एप्रिलचा शेवटचा आठवडा ते मेचा मध्य हा काळ निवडा. वसंत लवकर आला तर सगळं आठ-पंधरा दिवस आधी सरकतं, त्यामुळे विमानाचं तिकीट फुलांच्या भरवशावर काढू नका.

चेरी वॉकवर एप्रिलमध्ये फोटोसाठी रांग लागते. झाडं देखणी आहेत, वाद नाही. पण चेरीची झाडं लंडनच्या निम्म्या गल्ल्यांतही फुललेली असतात. क्यूला येऊन खरी बघायची ती ब्लूबेल्स. बागेच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात राणी शार्लटची गवताने शाकारलेली झोपडी आहे. तिच्याभोवतीचं रान राणी व्हिक्टोरियाने १८९८मध्ये बागेला दिलं, ते या अटीवर की तिथे शोभेची बाग न करता ते रानच ठेवायचं. अट पाळली गेली, म्हणून आज ओक आणि बीचच्या झाडांखाली जमीन निळी झालेली दिसते. झाडांना पुरती पालवी फुटून सावली दाट होण्याआधीच्या थोड्या दिवसांत या फुलांना आपला सगळा संसार उरकायचा असतो.

इथे थोडं थांबून एक ताटवा जवळून बघा. अस्सल इंग्लिश ब्लूबेलचा दांडा एका बाजूला झुकलेला असतो, घंटा त्याच एका बाजूला लोंबतात, आतलं पराग पांढुरकं असतं आणि वास गोड असतो. लंडनच्या घरांपुढच्या बागांत जी दिसते ती बहुधा स्पॅनिश जात किंवा दोघींचा संकर. तिचा दांडा ताठ, फुलं चहूबाजूंना, वास जवळपास नाहीच. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की मेभर दुसरा उद्योग सुचत नाही.

एक कळकळीची विनंती: फोटोसाठी फुलांत शिरू नका. पानं चिरडली की कंदाला अन्न मिळत नाही आणि तेवढा पट्टा पुढची कित्येक वर्षं सावरत नाही. वाटेवर उभं राहून, फोन गुडघ्याच्या उंचीवर धरून काढलेला फोटोच जास्त चांगला येतो. वरून काढलेल्या फोटोत निळा रंग विरळ दिसतो.

तिथून पुढे ऱ्होडोडेंड्रॉन डेल. ही घळ नैसर्गिक नाही, १७७३च्या सुमारास केपेबिलिटी ब्राउन या बागकाराने ती खोदून घेतली. तिला आजचं रूप आलं ते मात्र आपल्या बाजूने. जोसेफ हूकर हा वनस्पतिशास्त्रज्ञ १८४८ ते १८५० या काळात सिक्कीमच्या डोंगरांत फिरत होता. तिथल्या राजदरबाराने १८४९मध्ये त्याला काही आठवडे कैदेतही ठेवलं होतं. त्याने पाठवलेल्या बियांपासून हिमालयातली ऱ्होडोडेंड्रॉन्स इथे वाढवली गेली. सिक्कीम किंवा उत्तराखंडचा ट्रेक केलेल्यांना लालभडक फुलांचे गुच्छ ओळखीचे वाटतील. या फुलांच्या सरबताची आठवण काढणारा एकजण तरी प्रत्येक गटात निघतोच.

मेमध्येच लायलॅक आणि विस्टेरिया. विस्टेरियाचा एक जुना वेल प्रिन्सेस ऑफ वेल्स काचघराच्या जवळ लोखंडी सांगाड्यावर चढलेला आहे. इथे अठराव्या शतकातलं 'ग्रेट स्टोव्ह' नावाचं काचघर होतं. ते १८६१मध्ये पाडलं, वेल राहिला.

जून ते ऑगस्ट: आईबाबांचा मोसम

भारतातून आईवडील येतात ते बहुतेक याच दिवसांत. पाम हाउसच्या मागे गुलाबबाग आहे. गुलाब चांगले आहेत, पण गुलाब कुठेही बघता येतात. त्यापेक्षा ग्रेट ब्रॉड वॉकवरून चाला. ३२० मीटर लांबीच्या या रस्त्याच्या दोन्ही अंगांना फुलझाडांचे रुंद पट्टे आहेत, २०१६मध्ये नव्याने लावलेले, सुमारे ३०,००० रोपांचे. बाकं भरपूर आहेत, रस्ता सपाट आहे, व्हीलचेअर सहज जाते. गुडघेदुखीवाल्यांसाठी क्यूमधला सर्वांत चांगला फेरफटका हाच.

पण उन्हाळ्यात माझं मत वॉटरलिली हाउसला. १८५२मध्ये बांधलेलं हे छोटंसं चौकोनी काचघर थंडीत बंद असतं. मधोमध गोल हौद आणि त्यात परातीसारखी काठ वळलेली व्हिक्टोरिया कमळाची पानं. व्हिक्टोरिया कमळांतली 'व्हिक्टोरिया बोलिव्हियाना' ही तिसरी जात २०२२मध्ये जाहीर झाली. तिचे नमुने आधी कित्येक वर्षं क्यूच्याच संग्रहात दुसऱ्या नावाखाली पडून होते. तिची पानं तीन मीटरपर्यंत जातात. हौदाच्या कडेला वाकून पानाची वळलेली कड नीट बघा. बाहेरून काटे आणि खालून जाडजूड शिरांचं जाळं असतं, पानाला तोलून धरणारं. फूल संध्याकाळी उघडतं. पहिल्या रात्री पांढरं, दुसऱ्या रात्री गुलाबी. दिवसा गेलेल्याला अर्धवट मिटलेलं दिसतं, म्हणून उन्हाळ्यात काचघर बंद व्हायच्या थोडं आधी इथे यावं.

याच घरात कडेने भोपळ्याच्या कुळातले वेल चढवलेले असतात. वर पाहिलं की घोसाळ्याच्या जातीची फळं लोंबताना दिसतात. परदेशी पाहुणे त्यांचे फोटो काढत असतात आणि आपल्याकडच्या काकू "कोवळी होती तेव्हा काढायला हवी होती" म्हणून चुकचुकतात.

सप्टेंबर ते डिसेंबर

पानं रंगतात ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. ट्रीटॉप वॉकवे म्हणजे जमिनीपासून १८ मीटर उंचीवरची लोखंडी वाट, तिच्यावर चढायची खरी वेळ हीच. पायऱ्या शंभराहून जास्त आहेत, लिफ्टही आहे, पण ती चालू आहे का ते आधी विचारून घ्या. खालून वारा आला की वाट किंचित हलते, घाबरण्याचं कारण नाही. तळ्यावरच्या वळणदार पुलावरून स्वॅम्प सायप्रसची झाडं विटकरी रंगाची झालेली दिसतात. ही सूचिपर्णी असूनही पानं गाळतात.

डिसेंबरमधल्या संध्याकाळच्या दिव्यांच्या रोषणाईला वेगळं तिकीट असतं. मुलांना आवडते. झाडं बघायला मात्र त्याचा उपयोग शून्य.

काचघरं: एका वेळी एकच

तीन मोठी काचघरं आहेत. तिन्ही एका दिवसात उरकायची हाव धरू नका.

पाम हाउस १८४४ ते १८४८ या काळात बांधलं. डेसिमस बर्टन आणि रिचर्ड टर्नर या दोघांचं काम. जहाजबांधणीतली लोखंडाची पद्धत वापरल्यामुळे मध्ये खांबांची दाटी नाही. आत शिरताच चष्मा आणि फोनची काच धुरकट होते. पुसत बसू नका, पाच मिनिटं थांबा, आपोआप निवळते. कोट आधीच काढून हातावर घ्या. मेमध्ये रत्नागिरीहून आलेल्या माणसाला इथला दमटपणा दाखवून काय साधणार, असं मला आधी वाटे. पण लोक रमतात ते ओळखीमुळे. केळी, कॉफी, कोको, आणि मुख्य म्हणजे सदाफुली. कुंपणाला आपोआप उगवणारी सदाफुली इथे नावाची पाटी मिरवत उभी असते, कारण रक्ताच्या कर्करोगावर वापरली जाणारी औषधं तिच्यापासून मिळाली. लंडनमध्ये राहणाऱ्यांनी मात्र पाम हाउस फेब्रुवारीसाठी राखून ठेवावं. त्या महिन्यात कोकणची आठवण शमवायला याहून स्वस्त उपाय नाही.

इथलं रबराचं झाड बघताना एक गोष्ट लक्षात असू द्या. १८७६मध्ये ब्राझीलहून सुमारे ७०,००० बिया क्यूमध्ये आल्या, त्यातल्या जेमतेम २,७०० उगवल्या आणि ती रोपं श्रीलंका, सिंगापूरकडे रवाना झाली. आशियातल्या रबराच्या मळ्यांची सुरुवात इथून झाली. हिवतापावरचं कोयनेल ज्यापासून मिळतं त्या सिंकोनाची रोपं निलगिरीत पोचवण्याच्या खटपटीतही क्यूचा हात होता. साम्राज्याचा व्यापार वाढवणारं हे एक खातंच होतं म्हणा ना.

टेम्परेट हाउस क्यूमधलं सर्वांत मोठं. १८६३मध्ये उघडलं, पाच वर्षांच्या दुरुस्तीनंतर २०१८मध्ये पुन्हा खुलं झालं. इथे हवा थंड असते आणि चालायला ऐसपैस जागा आहे. यातलं एक झाड चुकवू नका: 'एन्सेफालार्टॉस वुडी' नावाचं सायकॅड, म्हणजे ताडासारखं दिसणारं एक प्राचीन प्रकारचं झाड. दक्षिण आफ्रिकेतल्या एका जंगलात १८९५मध्ये याचा एकच झुबका सापडला आणि तो नर होता. मादी आजवर कुठेच मिळालेली नाही. जगात जी काही झाडं आहेत ती सगळी त्याच एका नराच्या फुटव्यांची. क्यूमधलं १८९९मध्ये आलं.

तिसरं प्रिन्सेस ऑफ वेल्स काचघर, १९८७मधलं. दिसायला साधं, बरंचसं जमिनीत दडलेलं, पण आत दहा वेगवेगळी हवामानं आहेत. एक दार ढकललं की वाळवंट, दुसरं ढकललं की घनदाट जंगल. मुलं बरोबर असतील आणि पाऊस लागला असेल तर सरळ इथे या. कीटक खाणाऱ्या वनस्पतींपाशी मुलांचा अर्धा तास सहज जातो.

इथलाच टायटन ॲरम, अवाढव्य फुलोरा येणारा कंद. सुमात्राच्या बाहेर जगात पहिल्यांदा तो १८८९मध्ये क्यूला फुलला. सडक्या मांसासारख्या वासासाठी तो प्रसिद्ध आहे आणि फुलोरा जेमतेम दोन दिवस टिकतो. तो आपल्या सुरणाच्या कुळातला, म्हणजे पावसाच्या तोंडावर ठाणे-रायगडच्या बाजारात येणाऱ्या शेवळांचाही भाऊबंद. शेवळाची भाजी काकडं घालून केलेली ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना या फुलोऱ्याचा आकार बघून लगेच ओळख पटेल. दर वर्षी फुलेलच असं नाही. फुलणार असला की क्यूवाले समाजमाध्यमांवर कळवतात, तेव्हा हातचं काम टाकून जावं.

पाट्या वाचायला शिका

झाडाच्या खोडावर किंवा वाफ्यात छोटी काळी पाटी असते. त्यावर शास्त्रीय नाव, कुळ, मूळ प्रदेश आणि एक क्रमांक असतो. क्रमांकातले पहिले चार आकडे सहसा ते झाड संग्रहात नोंदलं गेलं ते वर्ष सांगतात. मुलांना 'तुझ्या जन्मसालचं झाड शोध' असा खेळ लावून दिला की ती दोन तास कुरकुर करत नाहीत. मोठ्यांनी मूळ प्रदेशावर नजर ठेवावी. 'हिमालय', 'भारत' वाचत चाललं की आपली एक वेगळीच फेरी तयार होते.

या जिवंत झाडांखेरीज क्यूचा वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह सत्तर लाखांच्या वर आहे. तो एरवी लोकांना खुला नसतो. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी निवृत्तीनंतर क्यूच्या नमुन्यांचा आधार घेत मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिला आणि तो १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने निघाला. सह्याद्रीत झाडं ओळखत हिंडणारे आजही त्याचा हवाला देतात.

म्हातारी झाडं

१७६२ साली लावलेल्या झाडांपैकी काही अजून उभी आहेत, त्यांना इथे 'ओल्ड लायन्स' म्हणतात. त्यातला गिंको नोव्हेंबरमध्ये पिवळाधमक होतो आणि थोड्याच दिवसांत सगळी पानं खाली टाकतो. जपानी पॅगोडा ट्री इतका आडवा झालाय की त्याला टेकू द्यावे लागले आहेत.

माझा आवडता मात्र टर्नर्स ओक, १७९८चा. ऑक्टोबर १९८७च्या वादळात क्यूमधली सुमारे ७०० झाडं गेली. हा ओक वाऱ्याने मुळांसकट उचलला आणि पुन्हा त्याच खड्ड्यात बसवला. पडलेल्या झाडांचा पसारा आवरण्यात माणसं इतकी गुंतली होती की याला टेकू देऊन सोडून दिलं. तीन वर्षांनी बघतात तर आधी मरगळलेला ओक जोमाने वाढत होता. लोकांच्या पायांनी वर्षानुवर्षं चेपलेली माती त्या हिसक्याने मोकळी झाली होती. तेव्हापासून इथे जुन्या झाडांच्या बुंध्याभोवतीची माती मुद्दाम दाबाच्या हवेने भुसभुशीत करतात. घरी कुंडीतलं झाड रुसलं की आपण खत वाढवतो. त्याआधी माती खुरपून बघा.

पाम हाउसमध्ये गेलात तर दक्षिण टोकाचं सायकॅडही याच यादीत धरा. १७७५मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आलेलं, अजून कुंडीतच आहे आणि क्यूमध्ये त्याला शंकू आला तो एकदाच, १८१९मध्ये.

डबा, पाऊस आणि पाय

डबा नेता येतो, हिरवळीवर चादर पसरून बसता येतं. आतली खाण्याची ठिकाणं बरी आहेत, पण महाग. तिखटमिठाच्या पुऱ्या, दही आणि थर्मासमधला चहा असला की भागतं. बदकं आणि हंस पुऱ्यांवर डोळा ठेवून असतात, त्यांना घालू नका. सायकल, चेंडू आत चालत नाहीत. व्हीलचेअर फाटकापाशी विनामूल्य मिळते. इलेक्ट्रिक स्कूटर हवी असेल तर आधी नोंदवावी लागते.

पाऊस जुलैतही येतो, तेव्हा छत्रीपेक्षा टोपीचं जॅकेट बरं. पाऊस रेंगाळला तर मॅरिएन नॉर्थ गॅलरीत शिरा. या बाईने एकटीने जगभर हिंडून काढलेली ८००हून अधिक तैलचित्रं भिंतीवर एकमेकांना चिकटून लावलेली आहेत. १८७७च्या अखेरीपासून वर्षभराहून जास्त ती भारतात होती, त्या प्रवासातली चित्रंही इथे सापडतील.

आणि हो, बाग हीथ्रोच्या विमानांच्या वाटेत आहे. वारा त्या दिशेचा असला तर दर दोन मिनिटांनी डोक्यावरून विमान जातं. व्हिडिओ काढताना आवाजाचा विचार करा.

मे महिन्यातला एक दिवस, नमुन्यादाखल

दहाला लायन गेट. पॅगोडा बाहेरूनच बघा. वर चढायला वेगळं तिकीट, अडीचशेवर पायऱ्या आणि बागेच्या दृष्टीने वर काही नाही. तिथून पश्चिमेला राणी शार्लटच्या झोपडीकडे, ब्लूबेल्सपाशी किमान तास काढा. सकाळी कोवळ्या, तिरप्या उन्हात निळा रंग गडद दिसतो. मग ऱ्होडोडेंड्रॉन डेलमधून तळ्याच्या कडेने सावकाश टेम्परेट हाउसपर्यंत या. बाहेर हिरवळीवर डबा खा. जेवणानंतर आत वुडीचं दर्शन घ्या. तीनच्या सुमारास पाय बोलायला लागतात, तेव्हा चेरी वॉकच्या वाटेने पाम हाउसकडे निघा. पाम हाउसमध्ये शिरायचा मोह आवरा, बाहेरच्या तळ्याकाठी बसा आणि व्हिक्टोरिया गेटने बाहेर पडा. घरच्यांचा उत्साह टिकला असेल तरच शेवटी विस्टेरिया, नाहीतर तो पुढच्या खेपेला.

पुढची खेप होणार याची खात्री असेल तर बाहेर पडण्यापूर्वी वार्षिक सदस्यत्वाचे दर बघून घ्या. तिकिटाच्या रकमेने भागाकार केला की किती फेऱ्यांत वसूल होतं ते कळेल. त्याच सदस्यत्वावर ससेक्समधल्या वेकहर्स्टलाही जाता येतं. तिथे क्यूची बियाण्यांची पेढी आहे, पण तिकडे जाण्यायेण्यात अख्खा दिवस मोडतो.